अंतर शून्याकडे नेताना

सकाळी ६.१५

चहाचं आधण ठेवायच्या आधी लॅपटॉप उघडते आणि क्यू बघते. रात्रभर क्लस्टरवर आमचे जॉब चालू होते. बहुतेक पूर्ण झालेत. सर्वांत बारीक जाळीचा तेवढा वेळेची मर्यादा संपल्याने मध्येच थांबलाय. चेकपॉइंट लिहिलेला आहे, त्यामुळे थांबला तिथूनच पुढे चालू करता येतो. तो लावून देते आणि मग गॅसकडे वळते.

मी लॅटिस गेज थिअरीत काम करते. प्रोटॉनच्या आत क्वार्क असतात, त्यांना ग्लुऑन बांधून ठेवतात, आणि या बांधणीचा सिद्धांत म्हणजे क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स, म्हणजेच क्यूसीडी. त्याचं मूळ सूत्र एका ओळीत मावतं. ती ओळ लिहिली म्हणजे सिद्धांत सांगून झाला का, हा माझ्या रोजच्या कामाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. त्या ओळीत जागेच्या प्रत्येक बिंदूवर क्षेत्र आहे. बिंदूंना अंत नाही, दोन बिंदूंमधलं अंतर हवं तितकं लहान असू शकतं, आणि क्वांटम नियमांप्रमाणे प्रत्येक लहानमोठ्या अंतरावरची थरथर हिशोबात धरावी लागते. सरळ बेरीज करायला गेलं की उत्तर अनंत येतं. म्हणून कुठेतरी थांबावं लागतं. यापेक्षा लहान अंतर धरायचं नाही असं ठरवून गणित करायचं, मग ती थांबण्याची जागा आणखी आत न्यायची, आणखी आत न्यायची, आणि शेवटी ती काढून टाकल्यावर हातात काही उरतं का ते बघायचं. उरलं, तर सिद्धांत लहानात लहान अंतरापर्यंत पूर्ण ठरलेला आहे. नाही उरलं, तर तो सिद्धांत कितीही उपयोगी असला तरी त्याला तळ नाही.

सकाळी ८.४५

नेव्हीनगर ओलांडलं की कुलाब्याचं टोक येतं आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, म्हणजे टीआयएफआरची, इमारत दिसते. खोलीत आल्यावर पहिली तपासणी साधी असते: रात्री तयार झालेल्या कॉन्फिगरेशन धडपणे डिस्कवर उतरल्या आहेत ना.

कॉन्फिगरेशन म्हणजे काय ते सांगते. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. ठिपके काढायचे आणि त्यांना रेषांनी जोडायचं. आमची रांगोळी, म्हणजेच लॅटिस किंवा जाळी, चार मितींची असते, तीन जागेच्या आणि एक काळाची. क्वार्क ठिपक्यांवर बसतात आणि ग्लुऑन रेषांवर. प्रत्येक रेषेवर तीन बाय तीनची, नऊ संमिश्र संख्यांची चौकट. एका बाजूला ६४ ठिपके आणि काळाच्या दिशेने १२८ घेतले, तर ठिपके होतात सुमारे ३.३५ कोटी, आणि रेषा त्याच्या चौपट. अशी एक रांगोळी साठवायला साधारण १९ गिगाबाइट लागतात. एक भरलेली रांगोळी म्हणजे ग्लुऑन क्षेत्राची एक शक्य अवस्था, एक कॉन्फिगरेशन. अशा शेकडो अवस्था क्वांटम नियमांनी ठरवलेल्या प्रमाणात निवडायच्या आणि त्यांच्यावर सरासरी घ्यायची.

ही युक्ती केनेथ विल्सन यांची, १९७४ सालची. तोपर्यंत बहुतेकांना जाळी ही गणिताची तात्पुरती सोय वाटत असे. विल्सन यांनी जाळीपासूनच सुरुवात केली. जाळीवर सगळं मर्यादित असतं, काहीही अनंत होत नाही, आणि सिद्धांताची प्रत्येक संख्या नेमकी सांगता येते. १९७९-८०च्या सुमारास ब्रूकहेवनमध्ये मायकेल क्रॉइट्झ यांनी ती संगणकावर चालवून दाखवली. जाळ्या तेव्हा एका बाजूला दहा ठिपक्यांपर्यंतच्या होत्या.

पण निसर्गात जाळी दिसत नाही. जाळी आपण आणलेली आहे, तेव्हा ती काढायचीही आपल्यालाच आहे.

सकाळी १०.००

सोलापूरचा माझा पीएचडीचा विद्यार्थी आलेख घेऊन आला. गेले काही महिने तो ग्लूबॉलवर काम करतोय. क्वार्क बाजूला ठेवले आणि नुसते ग्लुऑन घेतले, तरी ते एकमेकांना धरून गोळा होतात. अशा सर्वांत हलक्या गोळ्याचं वस्तुमान किती, हा त्याचा प्रश्न. जगभरच्या गणितांमधून ते सुमारे १.७ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट येतं, प्रोटॉनच्या सुमारे १.८ पट. ग्लुऑनला स्वतःला वस्तुमान नाही. त्यामुळे हा आकडा शून्य नाही, हीच मोठी गोष्ट आहे.

आलेखाच्या आडव्या अक्षावर जाळीच्या अंतराचा वर्ग, उभ्या अक्षावर वस्तुमान. डावीकडे जावं तसं अंतर शून्याकडे जातं. तिथे प्रत्यक्ष गणित करता येत नाही, म्हणून बिंदूंमधून रेघ ओढून ती शून्याला कुठे टेकते ते बघायचं.

"मॅडम, सगळ्यात जाड जाळीचा बिंदू फारच खाली आलाय. काढून टाकू का? बाकीचे सरळ रेघेत येतात."

"का खाली आलाय ते ठाऊक आहे का तुला?"

त्याला ठाऊक होतं. विल्सन यांची साधी मांडणी वापरली की जाड जाळीवर या गोळ्याचं वस्तुमान खोटं खाली खेचलं जातं. हा जाळीचा दोष आहे, निसर्गाचा नाही, आणि क्षेत्रातल्या लोकांना तो जुना परिचयाचा आहे.

"मग बिंदू ठेव, आणि रेघेत पुढचं पद घाल. चौथ्या घाताचं. काढायचाच असेल तर दोन्ही उत्तरं छापू, काढून आणि ठेवून. आपल्याला आवडलं नाही म्हणून बिंदू जात नसतो."

मग त्याने दुसरा आलेख उघडला आणि माझी सकाळ उजळली. त्याच प्रश्नाचं गणित त्याने दुसऱ्या मांडणीने केलं होतं, सिमान्झिक यांच्या सुधारणेच्या पद्धतीने, जिच्यात रेषांचे चौकोनच नव्हे तर लांबट आयतही धरतात. जाड जाळीवर दोन मांडण्यांची उत्तरं एकमेकांपासून लांब आहेत. अंतर कमी होतं तशा दोन्ही रेघा जवळ येतात, आणि शून्यावर, त्रुटीच्या मर्यादेत, एकाच जागी पोचतात.

ज्याला मी सिद्धांत पूर्ण ठरलेला असणं म्हणते, ते हे. जाळी कशी विणली याची खूण शेवटच्या आकड्यात राहता कामा नये. चौकोनी विणा, आयत घाला, आणखी काही करा. अंतर शून्याकडे नेल्यावर जे उरतं ते सगळ्यांना सारखंच मिळालं पाहिजे. मी एरवी फार उत्साहात बोलत नाही, पण असा आलेख पाहिला की बोलते.

क्यूसीडीत हे का जमतं, याचं कारण १९७३ साली सापडलं. प्रिन्स्टनमध्ये डेव्हिड ग्रॉस आणि फ्रँक विल्चेक, हार्वर्डमध्ये डेव्हिड पॉलित्झर. अंतर जितकं लहान, तितकं क्वार्क आणि ग्लुऑनमधलं बल क्षीण होतं. या शोधाला २००४ साली नोबेल मिळालं. त्यातला निर्णायक आकडा फळ्यावर एका ओळीत लिहिता येतो: ११ वजा क्वार्कच्या प्रकारांची दोन तृतीयांश संख्या. निसर्गात सहा प्रकार आहेत, म्हणजे ७ उरतात. उत्तर धन आहे तोवर बल आतल्या बाजूला मंदावत जातं. १६ प्रकारांपर्यंत ते धनच राहतं. १७ असते, तर चिन्ह फिरलं असतं आणि क्यूसीडीच्या अशा आलेखाला डावं टोकच उरलं नसतं.

आमच्या भाषेत बीटा नावाचा एक आकडा असतो, बल जितकं कमी तितका तो मोठा. विल्सन यांच्या मांडणीत बीटा ६.० ठेवला की जाळीचं अंतर येतं सुमारे ०.०९ फर्मी, म्हणजे प्रोटॉनच्या त्रिज्येच्या एक नवमांशाइतकं. ६.४ ठेवला की ०.०५. एवढ्याशा बदलाने अंतर जवळपास निम्मं होतं. हाच हिशोब पुढे रेटला तर अंतर प्लांक लांबीला, १० च्या उणे ३५ व्या घाताच्या सुमारे १.६ पट मीटरला, पोचतं तेव्हा बीटा चाळीसच्या आसपास असतो. कोणताही संगणक ती जाळी चालवू शकणार नाही. पण कोणता आकडा ठेवायचा ते कागदावर लिहिता येतं, आणि त्याच्याही पलीकडे लिहिता येतं. सिद्धांत कुठेच अडवत नाही.

सकाळी ११.३०

ऑनलाइन बैठक. विषय म्युऑनचं चुंबकत्व. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ. फर्मीलॅबने ७ एप्रिल २०२१ ला त्याच्या चुंबकत्वाचं मोजमाप जाहीर केलं आणि सिद्धांताशी फरक पडतोय अशी बातमी जगभर गेली. त्याच दिवशी नेचरमध्ये युरोपातल्या बीएमडब्ल्यू गटाचं लॅटिसचं गणित छापून आलं, आणि त्यात तो फरक बराचसा नाहीसा होत होता. पुढची चार वर्षं वाद याच्यावर चालला. त्यातला मोठा भाग कशाबद्दल होता, तर जाळीचं अंतर शून्याकडे नेताना रेघ कशी ओढायची याबद्दल. अनेक गटांनी वेगवेगळ्या जाळ्यांवर तेच गणित केलं. २०२५ साली सिद्धांताच्या संयुक्त अहवालात लॅटिसचे आकडे स्वीकारले गेले, आणि फर्मीलॅबच्या अंतिम मोजमापाशी ते जुळतात.

अंतर शून्याकडे नेण्याचा प्रश्न तत्त्वज्ञांच्या गप्पांचा आहे असं कोणी म्हणालं, की मी हे उदाहरण देते. नवीन भौतिकी सापडली की नाही, याचा निर्णय त्या रेघेवर अडला होता.

दुपारी १.००

कॅन्टीनमध्ये गणित विभागातली मैत्रीण भेटली. ती संभाव्यताशास्त्रातली. ताटावर बसताच आमचा विषय हिग्जकडे गेला.

हिग्ज क्षेत्र स्वतःशीच भिडतं, आणि त्या भिडण्यातून बाकीच्या कणांना वस्तुमान मिळवून देणारी त्याची अवस्था ठरते. सर्वांत साधं रूप घेतलं, नुसतं एक अदिश क्षेत्र आणि त्याचा चौथा घात, तर त्याची जाळी काढल्यावर काय होतं? दोन मितींत ग्लिम आणि जॅफी यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस हा सिद्धांत पक्का उभा करून दाखवला, १९७०च्या दशकात तीन मितींतही तो उभा राहिला. चारपेक्षा जास्त मितींत तो टिकत नाही, हे १९८१-८२ मध्ये मायकेल आयझेनमन आणि युर्ग फ्रोलिश यांनी सिद्ध केलं. मधली नेमकी चार मितींची, म्हणजे आपल्या जगाची, जागा रिकामी राहिली होती. ती आयझेनमन आणि ह्यूगो दुमिनिल-कोपां यांनी भरली. त्यांचा निबंध २०२१ साली ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये आला. उत्तर नकारार्थी आहे. जाळी शून्याकडे नेली की भिडणंही शून्य होतं. कण एकमेकांतून आरपार जातात, जणू समोर कोणी नाहीच.

मैत्रिणीला त्यातली सिद्धता सुंदर वाटते. मला त्यातला निकाल अस्वस्थ करतो. खरं हिग्ज एकटं नसतं, त्याच्यासोबत बाकीची क्षेत्रं असतात, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. आणि या तोट्यातूनच एक लाभही झाला होता: जाळी पुरती काढता येत नाही असं धरून लुशर आणि वाइस यांनी १९८०च्या दशकाअखेर हिग्जच्या वस्तुमानाला वरची मर्यादा काढली, ६००-७०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरातली. ४ जुलै २०१२ ला सर्नने जाहीर केलेला हिग्ज १२५ वर आहे, मर्यादेच्या पुष्कळ आत.

दुपारी २.३०

आजच्या सेमिनारचा वक्ता बाहेरून आलेला, फळ्यावर लिहून बोलणारा. विषय: डावे-उजवे कण जाळीवर कसे बसवायचे.

मानक प्रतिकृतीतली, म्हणजे गुरुत्व वगळता बाकीच्या बलांच्या आणि कणांच्या रूढ सिद्धांतातली, ही सर्वांत मोठी उणीव आहे असं माझं मत आहे, आणि तिच्याबद्दल बाहेर फार कमी बोललं जातं. १९५७ साली चिएन-शिउंग वू यांच्या प्रयोगाने दाखवलं की क्षीण बल, म्हणजे किरणोत्सर्गातल्या बीटा क्षयामागचं बल, डावं आणि उजवं यांत भेद करतं. क्षीण बल फक्त डाव्या फिरकीच्या कणांना धरतं. आता असा एकट्या डाव्या फिरकीचा कण जाळीवर ठेवायला जा, की त्याच्या प्रती उगवतात. चार मितींत साधेपणाने ठेवला तर एकाचे सोळा होतात, आठ डावे आणि आठ उजवे, आणि डाव्या-उजव्यातला फरक पुसला जातो. नीलसन आणि निनोमिया यांनी १९८१ साली सिद्ध केलं की काही वाजवी अटी पाळल्या तर यातून सुटका नाही.

१९९२ मध्ये डेव्हिड कॅप्लन यांनी वाट काढली: एक पाचवी मिती घ्या, डावे कण एका भिंतीवर ठेवा आणि उजवे समोरच्या भिंतीवर. क्यूसीडीला ही युक्ती छान लागू पडते, कारण तिथे दोघेही लागतात. क्षीण बलाला फक्त एकच भिंत हवी असते. दुसऱ्या भिंतीवरच्यांना कसं घालवायचं, यावर सगळं अडतं. मार्टिन लुशर यांनी विद्युतबलासारख्या साध्या गटांसाठी १९९०च्या दशकाच्या शेवटी मार्ग दाखवला. क्षीण बलाचा पूर्ण गट धरून सर्वमान्य झालेली मांडणी अजून नाही.

शब्द जपून वापरते. मानक प्रतिकृतीची भाकितं प्रयोगांनी पुन्हा पुन्हा खरी ठरवली आहेत. बल क्षीण आहे तिथे पायरी-पायरीने मालिका मांडून गणित करता येतं, आणि ते उत्तम चालतं. पण हा सिद्धांत नेमका काय आहे, एका संगणकाला संपूर्ण सांग, असं कोणी म्हटलं, तर आज आपल्याला सांगता येत नाही. पाठ्यपुस्तकात हे एका वाक्यात तरी यावं.

वक्त्याला मी शेवटी विचारलं, तुमच्या मांडणीत दुसऱ्या भिंतीवरच्या कणांना जड करताना पहिल्या भिंतीला धक्का लागत नाही याची खात्री कशी? त्याने प्रामाणिक उत्तर दिलं: दोन मितींत तपासलं आहे, चारमध्ये नाही.

दुपारी ४.००

चहा. व्हरांड्यात केरळच्या पोस्टडॉकशी विद्युतबलावर बोलणं झालं.

क्वांटम विद्युतगतिकी म्हणजे क्यूईडी, माणसाने केलेला सर्वांत अचूक सिद्धांत. इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचं भाकीत आणि मोजमाप बाराव्या अंकाच्या आसपासपर्यंत जुळतं. पण तिथे क्यूसीडीच्या उलट घडतं. आत जावं तसं बल वाढतं. रोजच्या अंतरावर त्याची ताकद १/१३७, झेड या जड कणाच्या ऊर्जेला सुमारे १/१२८. वाढ मंद आहे, थांबत मात्र नाही. लेव्ह लांडाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४-५५ मध्ये हिशोब केला: एका टप्प्यावर ही ताकद अनंत होते. एकटा इलेक्ट्रॉन धरला तर तो टप्पा १० च्या २८६ व्या घाताइतक्या इलेक्ट्रॉनव्होल्टवर येतो. गुरुत्वाकर्षणाचे क्वांटम परिणाम १० च्या २८ व्या घातालाच गाठतात. प्रयोगाला लांडाऊंच्या टप्प्याची झळ कधीच लागणार नाही.

लांडाऊंनी यातून टोकाचा निष्कर्ष काढला. १९६० साली पाउली यांच्या स्मृतिग्रंथात त्यांनी क्षेत्र सिद्धांताच्या रूढ पद्धतीला सन्मानाने निरोप द्यावा असं लिहिलं. ते चुकले, कारण १९७३ची उलट चाल करणारी क्यूसीडी त्यांच्यासमोर नव्हती. पण क्यूईडीपुरता त्यांचा संशय अजून खोडला गेलेला नाही.

पोस्टडॉकचा प्रश्न होता: जिथे आपण कधीच पोचणार नाही, तिथे सिद्धांत मोडला तर आपलं काय बिघडलं? मी त्याला फर्मींचं उदाहरण दिलं. १९३४ साली एन्रिको फर्मींनी किरणोत्सर्गातल्या बीटा क्षयाचा सिद्धांत मांडला. चार कण एका बिंदूवर भेटतात, बस. तो सुरेख चालायचा. पण त्याच्याच स्थिरांकातून एक ऊर्जा निघत होती, सुमारे ३०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, जिथे संभाव्यता एकपेक्षा जास्त होण्याच्या वाटेला लागते. म्हणजे त्याच्या आतच कुठेतरी नवीन काहीतरी असायला हवं, हे सिद्धांत स्वतः सांगत होता. १९८३ साली सर्नमध्ये क्षीण बल वाहणारा डब्ल्यू कण सापडला, ८० वर. आपली हद्द आपणच दाखवणारा सिद्धांत पुढच्या शोधाचा पत्ता देतो. तेव्हा तळ नाही म्हणून सिद्धांत टाकायचा नसतो, आणि तळ आहे असं खोटं सांगायचंही नसतं.

संध्याकाळी ५.४५

समुद्राकडेच्या वाटेवर स्ट्रिंग थिअरीतला सहकारी नेहमीसारखा भेटला. त्याच्याशी बोलणं गुरुत्वाकर्षणाकडे जातंच.

आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताला क्वांटम नियम लावले की आत जावं तसं दर पायरीला नवीन अनंत उगवतं आणि त्याला शमवायला नवीन स्थिरांक लागतो. १९७४ मध्ये टूफ्ट आणि वेल्टमन यांना पदार्थासह पहिल्याच पायरीवर हे दिसलं. गोरॉफ आणि सान्योत्ती यांनी १९८५-८६ मध्ये शुद्ध गुरुत्वातही दुसऱ्या पायरीवर ते दाखवलं. स्थिरांक अमर्याद, म्हणजे सिद्धांत अमर्याद अर्धवट.

यातून बाहेर पडायच्या वाटा अनेक. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरमध्ये जन्मलेल्या अभय अष्टेकर यांनी १९८६ साली आइन्स्टाइन यांची समीकरणं नव्या चलांत लिहिली, ग्लुऑनच्या भाषेच्या जवळ जाणाऱ्या. त्यातून वाढलेल्या लूप गुरुत्वात क्षेत्रफळालाच सर्वांत लहान तुकडा असतो. तिथे जाळी निसर्गाचीच ठरते आणि ती काढायचा प्रश्नच उरत नाही. मोठ्या अंतरावर तिथून आपलं गुळगुळीत अवकाश कसं उगवतं, हे मात्र दाखवावं लागतं. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९७९ साली दुसरी शक्यता मांडली होती: आत जाताना स्थिरांक अनंताकडे न पळता एका जागी स्थिरावतील. त्या आधारावर शापोश्निकोव्ह आणि वेटरिख यांनी हिग्ज सापडण्याआधी त्याचं वस्तुमान १२६च्या आसपास सांगितलं होतं. हे भाकीत मी विसरू शकत नाही, जरी त्यामागची गृहीतकं अजून पक्की व्हायची आहेत.

सहकारी म्हणाला, माल्दासेनांच्या १९९७च्या मांडणीत गुरुत्व असलेलं एक आख्खं विश्व त्याच्या सीमेवरच्या गुरुत्वाविना सिद्धांताने ठरतं. याहून पूर्ण काय हवं? त्याचं म्हणणं मला मान्य आहे, त्या विश्वापुरतं. तिथली वक्रता आपल्या विश्वासारखी नाही. आपलं विश्व वेग वाढवत पसरतंय, हे १९९८ पासून ठाऊक आहे, आणि त्याला तशी सीमा नाही. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, सीमेवरच्या सिद्धांताचा तळ शोधायला तुझी जाळीच लागेल. हे बरोबर आहे. बहुतेक वाटा फिरून एका चांगल्या क्षेत्र सिद्धांतापाशीच येतात.

रात्री ९.३०

सर्वांत बारीक जाळीचा जॉब अजून चालू आहे. अंतर ०.०५ फर्मीच्या खाली गेलं की जाळी आळसावते: ग्लुऑन क्षेत्राला पडलेला पीळ, ज्याला टोपोलॉजिकल चार्ज म्हणतात, एका आकड्यावर अडकून बसतो आणि हजारो पावलं हलत नाही. तो अडकलेला असताना घेतलेली सरासरी विश्वासाची नसते. अंतर निम्मं केलं की ठिपके १६ पट होतात, आणि या आळसामुळे खर्च त्याच्या कितीतरी पुढे जातो. आजच्या पावलांमध्ये पीळ दोनदा बदललेला दिसतोय. पुरेसं नाही. विद्यार्थ्याला लिहून ठेवते की हा बिंदू अजून आलेखावर घालू नये.

म्हणून एक गोष्ट उघड सांगायला हवी. सकाळच्या आलेखातल्या दोन रेघा एका जागी पोचतात हा पुरावा आहे, सिद्धता नाही. तादेउश बालाबान यांनी १९८०च्या दशकात या सिद्धतेच्या दिशेने निबंधांची लांबलचक मालिका लिहिली, तरी शेवट गाठला गेला नाही. ग्लुऑनचा सिद्धांत जाळी काढल्यावर खरंच उरतो आणि त्यातल्या सर्वांत हलक्या कणाचं वस्तुमान शून्याहून मोठं आहे, हे गणिताच्या काटेकोरपणे दाखवणाऱ्याला क्ले संस्थेने २००० साली दहा लाख डॉलरचं पारितोषिक जाहीर केलं. ते अजून कोणाला मिळालेलं नाही. मानक प्रतिकृतीत तळापर्यंत जाईल अशी ज्याच्याबद्दल आपल्याला खरी खात्री वाटते तो हा एकच भाग, आणि त्याचीही सिद्धता बाकी आहे.

पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजमधल्या शिक्षिकेची मेल आलीय. त्यांच्या बारावीच्या मुलांना या विषयाचं काही करून बघायचं आहे, प्रयोगशाळेशिवाय. उत्तर लिहिते, आणि तेच इथे वाचकांसाठीही देते.

साधा लॅपटॉप पुरतो. आयसिंग यांचं चुंबक घ्या: चौकोनी जाळी, प्रत्येक ठिपक्यावर वर किंवा खाली असा बाण, शेजाऱ्याशी जुळला तर ऊर्जा कमी. मेट्रोपोलिस यांची १९५३ची रीत वापरून पायथनमध्ये पन्नासएक ओळींत हे चालतं. तापमान २.२६९ च्या जवळ आणा. ऑन्सागर यांनी १९४४ साली हा आकडा नेमका काढला. मग तेच त्रिकोणी जाळीवर करा. तिथे तो आकडा ३.६४१ येईल, पूर्ण वेगळा. आता दोन्हीकडे त्या आकड्याच्या किंचित खाली राहून चुंबकत्व कसं मावळतं ते मोजा. दोन्ही जाळ्यांवर घात एकच निघतो, १/८. मोठी जाळी घ्या, पावलं भरपूर चालवा, आणि आपल्या एरर बार प्रामाणिकपणे काढा. मुलांना हा आलेख स्वतःच्या हाताने काढू द्या, आणि दोन जाळ्यांचा घात सारखा का आला हे त्यांनाच विचारा.